टक्केवारीचा घेर

भारतातील प्रौढांपैकी सुमारे ३० टक्के लोकांना मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजेच चयापचयी लक्षणसमूह, आहे असा निष्कर्ष २०२० साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका पुनरावलोकनाने देशभरातील शंभराहून अधिक अभ्यास एकत्र करून काढला, आणि ‘दर तीन भारतीयांत जवळजवळ एक’ असे त्याचे सुटसुटीत रूप आरोग्यविषयक लेखनात लगेच रुळले. आकडा खोटा नाही, पण तो क्षयाच्या किंवा हिवतापाच्या आकड्याच्या जातीचाही नाही. क्षयाचा जंतू थुंकीत सापडतो किंवा सापडत नाही. या लक्षणसमूहाला मात्र जंतू नाही, स्वतःची अशी वेदना नाही आणि निर्णायक अशी एकच चाचणीही नाही. पाच मोजमापे घ्यायची, प्रत्येकापुढे एक सीमारेषा ओढायची आणि त्यांपैकी तीन रेषा ओलांडलेल्या माणसाला गणतीत धरायचे, एवढीच त्याची रीत आहे. साहजिकच देशाची टक्केवारी जितकी देशातल्या शरीरांवर, तितकीच रेषा कोणी आणि कोठे ओढल्या यावरही ठरते. लोकसंख्येच्या आरोग्याचे आकडे हा या स्तंभाचा नेहमीचा विषय असल्यामुळे या आठवड्यात त्या रेषांकडेच पाहणे इष्ट ठरेल.

‘चयापचय’ या संज्ञेत दोन क्रिया जोडलेल्या आहेत: चय म्हणजे साठवण आणि बांधणी, अपचय म्हणजे विघटन आणि खर्च. या जमाखर्चाचा तोल बिघडल्याच्या पाच खुणा २००९ साली इंटरनॅशनल डायबिटीस फेडरेशन, अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि त्यांच्या बरोबरीच्या इतर संघटनांनी एकत्र बसून नक्की केल्या. रक्तदाबाचा वरचा आकडा १३० किंवा खालचा ८५ पर्यंत पोहोचलेला असणे. उपाशीपोटीची साखर रक्ताच्या दर डेसिलिटरमागे १०० मिलिग्रॅम किंवा अधिक असणे. ट्रायग्लिसराइड या नावाने ओळखली जाणारी रक्तातील चरबी १५० किंवा अधिक असणे. बोलीभाषेत ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हटले जाणारे एचडीएल पुरुषात ४० आणि स्त्रीत ५० च्या खाली असणे. आणि कमरेचा घेर त्या त्या लोकसमूहासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या वर असणे, अशा त्या खुणा होत. दक्षिण आशियाई पुरुषासाठी ही कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर आणि स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर मानली जाते. ज्या बिघाडासाठी औषध चालू आहे, त्याची रेषा आकडा ताब्यात असला तरी ओलांडलेलीच समजतात.

ही पाच मोजमापे एका माळेत ओवण्यामागे कारण आहे. स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन हे संप्रेरक रक्तातली साखर आत घेण्याचा निरोप स्नायूंच्या पेशींना देते. पेशी त्या निरोपाला पुरेशी दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन ओतू लागते, आणि या अवस्थेला इन्सुलिनरोध म्हणतात. आतड्यांभोवती आणि यकृताच्या आसपास साठणारी पोटातली चरबी मेदाम्ले सोडत राहते, ती यकृताकडे जातात, यकृत ट्रायग्लिसराइड वाढवते, त्यापाठोपाठ एचडीएल उतरते, आणि या सगळ्यात रक्तदाबही वर सरकतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ च्या आपल्या बँटिंग व्याख्यानात या साखळीला ‘सिंड्रोम एक्स’ असे नाव दिले. आज कमरेच्या टेपशिवाय ज्याची कल्पनाही करता येत नाही, त्या लक्षणसमूहाच्या या पहिल्या मांडणीत स्थूलतेचा समावेश नव्हता, कारण रीव्हन यांना इन्सुलिनरोध सडपातळ माणसांतही आढळला होता. भारताच्या संदर्भात हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

रीव्हन यांच्यानंतर व्याख्यांची रांग लागली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस दिलेल्या व्याख्येत मधुमेह किंवा इन्सुलिनरोधाचा पुरावा ही प्रवेशाची अट होती. २००१ साली अमेरिकेच्या कोलेस्टेरॉलविषयक तज्ज्ञगटाने ती अट काढून ‘पाचांपैकी कोणत्याही तीन’ असा सोपा नियम केला. २००५ साली इंटरनॅशनल डायबिटीस फेडरेशनने कमरेचा घेर अनिवार्य केला. आणि २००९ च्या समेटाने ती सक्ती पुन्हा मागे घेतली. या फेरफारांचा टक्केवारीवर होणारा परिणाम अमेरिकेच्या राष्ट्रीय पाहणीत स्वच्छ दिसतो. १९९९ ते २००२ या काळात तपासलेल्या त्याच प्रौढांवर, त्यांच्या त्याच रक्ताच्या त्याच आकड्यांवर, अमेरिकन नियम लावला तर ३४.५ टक्के लोक लक्षणसमूहात मोडत होते आणि फेडरेशनचा नियम लावला तर ३९ टक्के. कोणाच्याही रक्तातला एक थेंब न बदलता साडेचार टक्के लोक या बाजूचे त्या बाजूला गेले, आणि अमेरिकेच्या प्रौढ लोकसंख्येत साडेचार टक्के म्हणजे काही लाख नव्हे, तर ९० लाखांच्या घरातली माणसे होत.

नियमाच्या सोपेपणाची आणखी एक किंमत मोजावी लागते. पाचांपैकी किमान तीन खुणा हव्यात असे म्हटले की साध्या गणिताने त्यांच्या १६ वेगवेगळ्या जुळण्या होतात. रक्तदाब, साखर आणि कमर बिघडलेला साठीचा शेतकरी आणि एचडीएल, ट्रायग्लिसराइड व कमर बिघडलेली तिशीची बँक कर्मचारी या दोघांना एकच शिक्का मिळतो, जरी त्यांचा पुढच्या दहा वर्षांतला धोका आणि त्यांना लागणारा उपाय यांत फारसे साम्य नसते. अमेरिकेच्या आणि युरोपच्या मधुमेह संघटनांनी २००५ साली संयुक्त निवेदनात नेमकी हीच शंका काढली. त्याच वर्षी खुद्द रीव्हन यांनी या संकल्पनेला चिरविश्रांती चिंतणारा लेख लिहिला, म्हणजे ज्या घराचा पाया त्यांनी घातला त्याच घरावर त्यांनी जप्तीची नोटीस लावली. आणि २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने असा निर्वाळा दिला की ही संकल्पना समजावून सांगण्यासाठी उपयोगी असली तरी रोगनिदान किंवा व्यवस्थापनाचे साधन म्हणून तिचा उपयोग मर्यादित आहे. दवाखान्यात डॉक्टर रक्तदाबाची गोळी रक्तदाबासाठी आणि साखरेची साखरेसाठी देतात. ‘लक्षणसमूहाची गोळी’ अशी कोणी देत नाही. तरीही लोकसंख्येच्या पातळीवर ही गणती पूर्णपणे टाकून देण्याजोगी नाही, कारण एकेका रोगाची मोजणी अलग ठेवली की धोके एकाच शरीरात एकत्र येण्याची गोष्ट नजरेआड होते.

भारतात हे वाद अधिक धारदार होतात, याचे पहिले कारण एचडीएल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि चेन्नईची मद्रास डायबिटीज रिसर्च फाउंडेशन यांच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंदीगड येथील प्रौढांचे रक्त तपासले गेले, तेव्हा ७२.३ टक्के लोकांचे एचडीएल ठरवलेल्या रेषेच्या खाली निघाले. दहांतल्या सात जणांची एक रेषा जन्मजात म्हणावी इतक्या सहज ओलांडलेली असेल, तर ‘पाचांपैकी तीन’ ही परीक्षा त्यांच्यासाठी प्रत्यक्षात ‘चारांपैकी दोन’ एवढीच उरते. जी खूण बहुसंख्यांना लागू पडते ती धोक्यातल्या माणसाला इतरांपासून वेगळे काढण्याच्या कामी फार कमी येते. ती सगळ्यांची टक्केवारी सरसकट वर उचलते, एवढेच. स्त्रियांच्या बाबतीत ही गोष्ट दुप्पट खरी आहे, कारण त्यांची एचडीएलची रेषा दहाने वर आणि कमरेची रेषा दहा सेंटिमीटरने खाली आहे. भारतीय अभ्यासांच्या त्याच पुनरावलोकनात स्त्रियांमध्ये प्रमाण ३५ टक्के आणि पुरुषांमध्ये २६ टक्के आढळते. या नऊ टक्क्यांच्या फरकात बाळंतपणे, घरकामापलीकडच्या व्यायामाला न मिळणारी सवड आणि रजोनिवृत्तीनंतरचे बदल यांचा वाटा असणारच, पण काही वाटा रेषा ओढणाऱ्याच्या पट्टीचाही आहे, आणि तो वजा न करता स्त्रियांच्या ‘बैठ्या सवयीं’वर प्रवचन देणे अन्यायाचे आहे.

कमरेच्या रेषेचा खेळ याहून गमतीचा आहे. जपानने एप्रिल २००८ पासून ४० ते ७४ वयाच्या विमाधारकांची याच लक्षणसमूहासाठी तपासणी विमासंस्थांवर बंधनकारक केली, आणि ‘मेताबो’ हा शब्द तिथल्या घराघरांत पोहोचला. पण तिथे पुरुषाची मर्यादा ८५ सेंटिमीटर आणि स्त्रीची ९०, म्हणजे उर्वरित जगाच्या अगदी उलट क्रमाने, ठेवलेली आहे. जपानी तज्ज्ञांनी सीटी स्कॅनवर पोटातल्या चरबीचे क्षेत्रफळ मोजून, ते १०० चौरस सेंटिमीटरला पोहोचते तेव्हा कंबर किती असते, यावरून या मर्यादा काढल्या. भारतातही २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत प्रथमच कमरेची मापे घेतली गेली, आणि स्त्रीसाठी ८० व पुरुषासाठी ९४ सेंटिमीटर ही मर्यादा धरून केलेल्या एका विश्लेषणात पोटाची स्थूलता स्त्रियांत ४० टक्के तर पुरुषांत केवळ १२ टक्के निघाली. ९४ ही युरोपीय पुरुषाची रेषा आहे. ती वापरली की ९१ ते ९३ सेंटिमीटर घेराची सगळी पुरुषमंडळी एका फटक्यात निरोगी ठरतात.

भारतीय पुरुषाला युरोपीय टेप का चालत नाही, याचे उत्तर शोधण्याच्या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा सुरू केला. त्या गावांत जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो, पण वजनातली ही तूट सर्व अवयवांत सारखी वाटलेली नव्हती. पुणे परिसरातील बाळांचे पोटातील अवयव आणि स्नायू कमी भरलेले होते, आणि पाठीवरच्या कातडीच्या चुणीत मोजलेली चरबी मात्र बऱ्याच प्रमाणात टिकून होती. नाळेच्या रक्तातले इन्सुलिनही भारतीय बाळांत तुलनेने अधिक आढळले. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार अशा या ठेवणीला ‘थिन-फॅट’ म्हणतात; मराठीत तिला ‘सडपातळ-स्थूल’ म्हणता येईल, जरी ‘काडी पैलवान’ या जुन्या थट्टेत तिची चाहूल लागतेच. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचेच छायाचित्र छापून ही गोष्ट ठसवली: दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, सारखाच २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते हे खरे, पण सगळा फरक धावण्याने पडलेला नाही, एवढे गावातली बाळे सांगतातच.

याचा गणतीशी संबंध असा की वजनाच्या काट्यावर आधारलेली कोणतीही राष्ट्रीय पाहणी भारतात धोका कमी मोजते. काटा स्नायू आणि चरबी यांत फरक करत नाही. टेप निदान पोट पाहते. समाजाची भाषाही काट्याच्याच बाजूची आहे: मराठीत वजन वाढलेल्या माणसाला ‘तब्येत सुधारली’ असे आजही कौतुकाने म्हणतात, पोट सुटणे हे खात्यापित्या घराचे लक्षण मानतात, आणि अंगाने किरकोळ पण पोटाने पुढे आलेल्या माणसाला धोक्यात कोणीच मोजत नाही. पॉल मॅकेग आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली लंडनमधील दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत इन्सुलिनरोध, पोटाची चरबी आणि मधुमेह यांची सांगड दाखवली होती, म्हणजे देश सोडल्यावरही ही ठेवण बरोबर जाते. सुखवस्तू झालेल्या स्थलांतरितांत ती उलट अधिक उघडी पडते.

‘इंडियाब’चे २०२३ साली प्रसिद्ध झालेले देशव्यापी निष्कर्ष या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजेत. ३१ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १,१३,०४३ प्रौढांच्या या अभ्यासात मधुमेह ११.४ टक्के, पूर्वमधुमेह १५.३ टक्के, उच्च रक्तदाब ३५.५ टक्के आणि पोटाची स्थूलता ३९.५ टक्के आढळली. पूर्वमधुमेह म्हणजे साखर वर सरकलेली पण मधुमेहाच्या रेषेच्या आत असलेली अवस्था, जिला रुग्ण ‘शुगर बॉर्डरवर आहे’ असे म्हणून मोकळे होतात. वृत्तपत्रांचे लक्ष मधुमेहाच्या प्रमाणात देशात पहिल्या आलेल्या गोव्याकडे, म्हणजे २६.४ टक्क्यांकडे, जाणे स्वाभाविक होते. अभ्यासकाला अधिक अस्वस्थ करणारी ओळ मात्र तक्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. उत्तर प्रदेशात मधुमेह सर्वांत कमी, ४.८ टक्के, पण पूर्वमधुमेह १८ टक्के, म्हणजे राष्ट्रीय सरासरीहून अधिक आणि स्वतःच्या मधुमेहाच्या जवळजवळ चौपट. गोव्यात लाट येऊन गेलेली आहे. उत्तर प्रदेशात ती रेषेच्या अलीकडे थांबलेली आहे, आणि त्या राज्याची लोकसंख्या गोव्याच्या शंभर पटींहून जास्त आहे.

राष्ट्रीय आकडा वाचताना वयाचा हिशेबही लागतो. चयापचयाचे बिघाड वयाबरोबर वाढतात, आणि भारत हा जपान वा अमेरिकेहून पुष्कळ तरुण देश आहे. त्यामुळे कच्ची टक्केवारी शेजारी शेजारी ठेवली तर तरुण देशाचा आकडा त्याच्या तरुणपणामुळेच कमी दिसतो. यासाठी संख्याशास्त्रज्ञ दोन्ही देशांची वयरचना सारखी आहे असे मानून आकडे पुन्हा मांडतात, आणि त्याला वयानुसार समायोजन म्हणतात. अमेरिकेच्या पाहणीतही एकूण प्रमाणापेक्षा बोलका आकडा तरुणांचा होता: २०११-१२ ते २०१५-१६ या अवघ्या काही वर्षांत २० ते ३९ वयोगटातील प्रमाण १६.२ वरून २१.३ टक्क्यांवर गेले. भारतात ३० टक्के हा आकडा तरुण लोकसंख्येतून आलेला आहे, ही गोष्ट तो उच्चारताना सहसा सांगितली जात नाही. खेडी आणि शहरे यांतले अंतरही, त्याच पुनरावलोकनानुसार शहरांत ३२ आणि खेड्यांत २२ टक्के, लोकांच्या समजुतीइतके रुंद नाही. मोटारसायकल, ट्रॅक्टर आणि पुड्यातला नाश्ता तालुक्याच्या गावापाशी थांबलेले नाहीत.

या गणतीची खरी अडचण विज्ञानाइतकीच पहाटेची आहे. लक्षणसमूह मोजायचा तर माणूस रात्रभर उपाशी असला पाहिजे, चहा घेण्यापूर्वी पाहणीची तुकडी त्याच्या दारात पोहोचली पाहिजे, आणि शिरेतून काढलेले रक्त थंड ठेवून प्रयोगशाळेपर्यंत गेले पाहिजे. ‘इंडियाब’लाही चरबीच्या तपासणीसाठी शिरेतले रक्त दर पाचव्या व्यक्तीचेच घेणे शक्य झाले, कुटुंब आरोग्य पाहणीत बोटाला टोचून दिवसा मिळेल त्या वेळची साखर मोजतात आणि रक्तातली चरबी मोजतच नाहीत. म्हणजे देशाच्या सर्वांत मोठ्या नियमित पाहणीतून पाचांपैकी दोन मोजमापे गायब आहेत आणि तिसरे उपाशीपोटीचे नाही. अशा स्थितीत एकाच टक्केवारीचा हट्ट सोडून पाचही मोजमापे वय आणि लिंगानुसार वेगवेगळी छापणे, आणि एक किंवा दोनच रेषा ओलांडलेल्यांची संख्याही तितक्याच ठळकपणे देणे, हे अधिक प्रामाणिक ठरेल. धोरणाला ज्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचायचे आहे ते लोक त्या एक-दोनांच्या रकान्यातच असतात.

टेप मात्र गावोगाव पोहोचलेली आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी आशा स्वयंसेविका जो तपासणी अर्ज भरतात, त्यात वय, तंबाखू, दारू, व्यायाम आणि कुटुंबातील आजार यांच्याबरोबर कमरेचा घेर विचारलेला आहे. हे माप घेणे दिसते तितके सोपे नाही: ते सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यानंतर घ्यायचे असते, तर पुरुष पँटचा नंबर सांगून मोकळा होतो, जो पट्टा पोटाखाली बांधलेला असल्यामुळे खऱ्या घेराहून सहज कमी निघतो, आणि स्त्रीच्या बाबतीत परकराची नाडी, निऱ्या आणि उघड्या ओसरीवरचा संकोच हे सगळे टेपच्या आड येते. तरीही हे काम होते. अर्जात त्या मापाचे ०, १ किंवा २ असे गुणांत रूपांतर होते: पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरपर्यंत असेल तर शून्य, ९१ ते १०० असेल तर एक, त्यापुढे दोन. ७२ सेंटिमीटरच्या कमरेला शून्य मिळते आणि ८९ च्या कमरेलाही शून्यच. म्हणून पाच वर्षांत ७२ वरून ८९ वर गेलेला पुरुष त्या अर्जात दोन्ही वेळा सारखाच दिसतो, जोवर गुणांच्या शेजारी सेंटिमीटर लिहायला कोणी जागा ठेवत नाही.